वाटणीतली टाकी

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा मी भाकरी थापत होते. आमच्या जिन्याला एरवी आम्हा नवराबायकोशिवाय फक्त दूधवाल्या गौराबाईची वर्दळ, आणि ती तर उजाडताच दूध घालून गेली होती. पावलं दारापाशी थांबली नाहीत, तशीच वर गच्चीकडे गेली. मागोमाग बादलीची कडी वाजली आणि कांकणंही. शेजारचं कुणी वाळवण घालायला आलं असेल, असं मला वाटलं. तव्यावर भाकरी होती, शिवाय आठवा महिना लागलेला. एकदा खाली बसलं की उठायला भिंत धरावी लागायची. मी उठले नाही.

थोड्या वेळाने गच्चीच्या पन्हाळीतून खाली गल्लीत पाणी पडायला लागलं. थेंब थेंब नव्हे, चांगली धार. सोलापूरकडचं आमचं तालुक्याचं गाव, त्यात एप्रिलचं ऊन. नळाला पाणी आठवड्यातून दोनदा यायचं आणि तेही कधी येईल त्याचा नेम नसायचा. आदल्याच संध्याकाळी पाणी आलं होतं आणि मोटर लावून टाकी काठोकाठ भरून झाली होती. ते पाणी आता गल्लीत चाललं होतं. मी तवा उतरवला आणि कठडा धरत वर गेले.

गच्चीत अक्का होत्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, महानंदा. लुगड्याचा काष्टा घालून, पदर कमरेला खोचून त्या टाकीजवळ उभ्या होत्या. टाकीच्या बुडाशी टाकी धुतलेलं पाणी सोडायची एक मोठी तोटी होती, ती त्यांनी पूर्ण उघडली होती. बाजूला दोन बादल्या, काथ्याचा ब्रश, नारळाची सोडणं आणि ब्लीचिंग पावडरीची पिशवी.

आमच्या गच्चीत अक्का येणं म्हणजे काय, ते कळायला आधीचं थोडं सांगायला हवं. सासरे वारल्यावर दोघा भावांची वाटणी झाली होती. चादरींचं दुकान आमच्याकडे आलं, खालचा मजला आणि मागची मागाची शेड मोठ्या भाऊजींकडे गेली, वरचा मजला आणि गच्ची आमची. वाटणी सरळ झाली, पण शेवटी शब्दाला शब्द लागला. आमचे हे, सिद्धाराम, रागाच्या भरात म्हणाले की यापुढे खालच्यांनी आमच्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. भाऊजी म्हणाले, मीही तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. दोघंही शब्दाला जागले. तेव्हापासून एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. खालचा हौद, मोटर आणि वरची टाकी तेवढी सामाईक राहिली होती, कारण पाण्याची वाटणी कशी करायची ते कुणालाच सुचलं नव्हतं.

मी लग्न होऊन आले त्यानंतर वर्षभरातच हे सगळं झालं. अक्कांशी नीट ओळख व्हायच्या आतच बोलणं बंद झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्या फारशा कुणात मिसळत नव्हत्या, एवढंच मला ठाऊक. माझ्या डोहाळजेवणाला त्यांना बोलावणं गेलं नव्हतं. आठवड्यापूर्वी त्यांनी गौराबाईकडून निरोप पाठवला होता की वरच्या बाईला म्हणावं पाणी उकळून पीत जा. पेठेत काविळीचे दोन-तीन रुग्ण निघाले होते, ते माझ्याही कानावर होतं. पण ‘वरची बाई’ हा शब्द मला असा बोचला की निरोपातलं बाकी काही मी ऐकलंच नाही. पाणी चांगलं स्वच्छ दिसत होतं. कशाला उकळायचं?

तर आता त्या आमच्या गच्चीत उभ्या होत्या आणि आमचं पाणी ओतून देत होत्या.

“हे पाणी आमचंही आहे,” मी म्हणाले.

“माहीत आहे.”

“आता पुढचं पाणी येईपर्यंत आम्ही काय करायचं?”

“खालचा हौद मी काल पाणी यायच्या आधीच धुतलाय. त्यात आहे पाणी.” त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं. “तू खाली जा. उन्हात उभी राहू नको.”

माझ्याच गच्चीतून मला त्या खाली जायला सांगत होत्या. मी तोटी बंद करायला वाकू लागले, तर त्यांनी आपला हात तोटीवर ठेवला. ढकललं नाही की काही नाही, नुसता हात ठेवला आणि तो उचलला नाही. एवढं पोट घेऊन मी काय ओढाताण करणार होते? यांना येऊ दे, मग बघू, असं म्हणून मी खाली आले. हे दुपारी जेवायला यायचे, तोवर वाट बघायची होती.

खाली येऊन मी उगीचच भांडी घासली. वरून आवाज येत होते. आधी पाणी संपत आल्याचा गुरगुराट, मग टाकीच्या लोखंडी झाकणाचा खणखणाट, आणि मग आतून, भिंतीतून आल्यासारखी, ब्रशाची घासघास. अक्का आत उतरल्या होत्या. मध्येच बादली भरून बाहेर यायच्या, गच्चीच्या कोपऱ्यात ओतायच्या, पुन्हा आत जायच्या. ते सगळं पावलांवरून आणि कडीच्या आवाजावरून मला कळत होतं. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला ते चढउतार किती जड जात असेल, तेही कळत होतं. पण राग होताच.

मग आवाज थांबला.

दमल्या असतील, बसल्या असतील, असं मी धरून चालले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक उग्र वास येऊ लागला. सरकारी दवाखान्याच्या फरशीला येतो ना, तसा. डोळ्यांना झोंबणारा. ब्रशाचा आवाज अजून बंदच होता. मी कान देऊन ऐकलं. खोकला आला, बारीक, आतल्या आत दाबल्यासारखा. मग तोही नाही.

कुणाचा राग आणि कुणाची गच्ची. मी जिना कसा चढले ते आठवत नाही. जाता जाता हाताला लागलं म्हणून सूप उचललं होतं, ते का उचललं तेही माझं मला ठाऊक नाही.

आमची टाकी सिमेंटची, चार खांबांवर. तोंडापाशी जायला बाहेरून लोखंडी पायऱ्या होत्या. मी त्या चढले. दिवस गेलेल्या बाईने असल्या पायऱ्या चढू नयेत हे मला कळत होतं, पण गच्चीत दुसरं कुणीच नव्हतं. तोंडातून आत डोकावले तर वासाने घशात जाळ उठला. अक्का कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान खाली. हातात ब्रश तसाच.

“अक्का.”

वर्षभरात मी त्यांना ही पहिली हाक मारली. त्यांनी मान थोडी वर केली.

“वर कशाला चढलीस तू?” आवाज घोगरा, तुटका. “उतर. आधी खाली उतर.”

“तुम्ही बाहेर या.”

“येते. जरा गरगरतंय. तू उतर.”

मी सुपाने वारा घालायला सुरुवात केली. धान्य पाखडतात तसं, जमेल तितक्या जोरात, आतल्या वासाला बाहेर ओढत. मध्येच थांबून कठड्यापलीकडे तोंड करून मोठ्या भाऊजींना हाका मारल्या. मागाच्या शेडमध्ये खटखट चालू होती. माझा आवाज त्यांना ऐकू जाईल की नाही याचा भरवसा नव्हता. हात खाली सोडला, पण तो अक्कांपर्यंत पोचत नव्हता. त्या उठायला बघायच्या आणि पुन्हा बसायच्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी प्रयत्नच सोडला. डोळे मिटले.

मग जे खरं होतं तेच मी बोलले.

“अक्का, तुम्ही बाहेर आल्याशिवाय मी इथून उतरणार नाही. माझे पाय कापताहेत. पडले तर पडले.”

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या पोटाकडे बघितलं. टाकीच्या कडेला टेकलेलं ते पोट तिथून त्यांना दिसत होतं. मग त्या उठल्या. कशा उठल्या ते त्यांनाच ठाऊक. एक हात भिंतीला, दुसरा आतल्या लोखंडी कडीला, अशा त्या उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उजेडात आला. डोळे लालभडक, गाल ओले. मी त्यांचं मनगट धरलं. ओढायची ताकद माझ्यात नव्हती, नुसतं धरून ठेवलं. तेवढ्यात खालून जिन्यावर धावत्या पावलांचा आवाज आला. भाऊजींना हाक ऐकू गेली होती.

त्यांनी आधी मला उतरवलं, मग अक्कांना काखेत हात घालून बाहेर काढलं. जिन्याच्या माथ्यावर सावलीचा एक तुकडा होता, तिथे आम्ही त्यांना टेकवून बसवलं. भाऊजींनी हौदाचं पाणी आणून त्यांच्या डोळ्यांवर मारलं. बराच वेळ अक्का नुसत्या खोकत होत्या. मग श्वास हळूहळू सावरला.

भाऊजी कुणाला बोलावं ते न कळून अक्कांनाच बोलले. एकटीने आत उतरायचं नाही हे तुला सांगून ठेवलेलं होतं, पावडर एवढी कुणी टाकतं का, मला हाक का मारली नाहीस, असं बरंच. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जिना चढू दिला नसता. भाऊजी पायऱ्या चढून टाकीत डोकावले, वास ओसरू दिला आणि आत उतरून उरलेलं धुवायला लागले.

मी अक्कांशेजारी बसले. समोर त्यांनी ओतलेल्या गाळाचा ढीग होता. हिरवट काळा, बुळबुळीत, त्यात पालीची बारीक हाडं आणि पाखरांची पिसं. तेवढ्या एका टाकीतून ते निघालं होतं. हेच पाणी मी पीत होते, आणि ते स्वच्छ दिसत होतं.

“दोन पाडवे झाले धुतली नाही,” अक्का म्हणाल्या. “आधी दर पाडव्याच्या आत धुवायची मी. मामंजी वर तोंडाशी उभे राहायचे. बादल्या ओढायचे आणि सारखे बोलत राहायचे. भाव काय चाललाय, कुणाकडे लग्न आहे, काहीबाही. मी आतून हूं हूं करत राहायची. मला बरं आहे हे त्यांना कळावं म्हणून.”

“मला हे कुणी सांगितलंच नाही.”

“तुला कोण सांगणार?”

“तुम्ही सांगायचं होतं. निरोप पाठवलात, पण नीट कळवायचं होतं ना. मी ऐकलं असतं.”

त्यांनी पदराने डोळे टिपले. वासामुळे डोळे वाहतच होते, त्यामुळे त्या रडत होत्या की नाही हे मला सांगता येणार नाही.

“काय कळवायचं?” त्या म्हणाल्या. “पोटुशा बाईला असलं कुणी सांगतं का?”

मला अर्थ लागला नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगताहेत, त्यांनी सांगितलं.

त्यांचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांना दिवस राहिले होते. सगळं नीट चाललं होतं. आठव्यात असताना गावात काविळीची साथ आली. घरात मामंजींना झाली, ते आठवड्याभरात उठून दुकानात जाऊ लागले. अक्कांना झाली ती मात्र वेगळीच. गरोदर बाईला ती सोसत नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. सोलापूरला नेईपर्यंत त्या शुद्धीवर नव्हत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा पोट रिकामं होतं.

“मुलगी होती,” अक्का म्हणाल्या. “मला दाखवलीही नाही. तसाच रिवाज होता तेव्हा.”

डॉक्टरांनी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता. तेव्हा गच्चीत जुनी टाकी होती, विटांची. मामंजी सोलापूरहून परत आले ते थेट गच्चीत गेले. पत्र्याचं झाकण कधीचं उडून गेलं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. आत त्यांनी काय बघितलं, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहार घेऊन त्यांनी ती टाकी स्वतःच्या हाताने फोडली. ही सिमेंटची बांधली ती त्यानंतर. झाकण लोहाराकडून करून घेतलं, आणि धुवायची वेळ आली तेव्हा अक्का म्हणाल्या, मी उतरते. मामंजी नको म्हणाले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी दोघं.

“तुला नुसतं ‘पाणी उकळ’ म्हटलं तर ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक होतं,” अक्का म्हणाल्या. “आणि का ते सांगितलं असतं, तर तू रोज रात्री त्याचाच विचार करत पडली असतीस. त्यापेक्षा टाकी धुवून टाकावी म्हटलं. भांडण तर आहेच, आणखी थोडं.”

मी त्यांचा हात हातात घेतला. पावडरीने बोटांची सालं निघाली होती.

“तिचं नाव ठेवलं होतं का हो काही?” मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. आपोआप तोंडातून गेलं.

अक्कांनी माझ्याकडे चमकून बघितलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. मग त्या माझ्या कानाशी वाकल्या आणि नाव सांगितलं. “मनातल्या मनात ठेवलेलं. ह्यांनाही नाही सांगितलं,” त्या म्हणाल्या.

हे जेवायला आले तेव्हा घराला कुलूप नाही आणि बायकोचा पत्ता नाही असं बघून घाबरून वर आले. गच्चीत त्यांनी काय बघितलं? सावलीत आम्ही दोघी जावा, आणि टाकीच्या तोंडातून अर्धे बाहेर आलेले त्यांचे भाऊ, हातात गाळाची बादली. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होणार. हे जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. गाळाकडे बघितलं, अक्कांच्या डोळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा बघून यांनी काय ओळखलं असेल ते असो. सदरा काढून दोरीवर टाकला आणि पायऱ्यांपाशी जाऊन हात वर केला.

“बादली द्या इकडे,” हे म्हणाले.

“ही गळते,” भाऊजी आतून म्हणाले. “दुसरी आण.”

वर्षभराच्या अबोल्यानंतर भावाभावांचं हे एवढंच बोलणं झालं. पण दोघं मिळून उन्हं कलेपर्यंत टाकी धूत होते. चार वेळा हौदाचं पाणी वर घेऊन खंगाळली, वास जाईस्तोवर पाणी सोडून दिलं, झाकण तारेने घट्ट बांधलं. त्या दिवशी जेवण खाली झालं. माझ्या सकाळच्या भाकऱ्या आणि अक्कांची शेंगाचटणी. बोलणं फार झालं नाही. भूकच इतकी लागली होती.

त्या उन्हाळ्यात आमच्या पेठेत बऱ्याच घरांत कावीळ झाली. आमच्या घरात कुणाला झाली नाही. टाकीमुळे, की अक्का त्या दिवसापासून माझ्यासाठी रोज पाणी उकळून, फडक्याने गाळून, स्वतः वर आणून ठेवत होत्या म्हणून, ते कोण सांगणार? कळशी ठेवून त्या जरा टेकायच्या. मग बोलायला लागायच्या. भाव काय चाललाय, कुणाकडे लग्न आहे.

जूनमध्ये मुलगी झाली. दवाखान्यात माझ्याजवळ अक्काच होत्या. माझी आई नंतर आली. न्हाऊमाखू घातलेली मुलगी नर्सने आधी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती इतकी सांभाळून धरली की थोडा वेळ त्या श्वास घेताहेत की नाही कळेना. खोलीत आम्ही तिघीच होतो. मी बरेच दिवस मनात घोळवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, अक्का, तुम्ही मला त्या दिवशी जे नाव सांगितलंत, ते हिला ठेवू का?

अक्का बराच वेळ मुलीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, हो म्हणतील. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

“नको,” त्या म्हणाल्या. “ते तिचं आहे. हिला हिचं स्वतःचं दे.”

आणि मुलीला माझ्या कुशीत ठेवून त्यांनी दुपट्याची घडी सारखी केली.

मुलीचं नाव आम्ही दुसरं ठेवलं. तिला अक्कांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. तिला तर बरेच दिवस वाटायचं की खाली एक आई आणि वर एक आई असं सगळ्यांच्याच घरात असतं. आता मोठे भाऊजी नाहीत, आणि गेल्या वर्षी अक्काही गेल्या. अक्कांनी कानात सांगितलेलं ते नाव मी कधी कुणाला सांगितलं नाही, यांनाही नाही. ते ठाऊक असलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे.